लाल खुणा मोजून कॉम्प्युटरचं दुखणं कळत नाही

गेल्या आठवड्यात एकच मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर तो पिन करून ठेवलाय. मजकूर थोडक्यात असा: 'कॉम्प्युटर स्लो चालतो? आपोआप बंद पडतो? इव्हेंट व्ह्यूअर उघडा. लाल खुणा शेकड्यांनी असतील तर व्हायरस आहे. कर्नल-पॉवर ४१ दिसलं तर एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गेला, लगेच बदला. सोबतची फाइल चालवून सगळे लॉग, प्रीफेच आणि रजिस्ट्री साफ करा, स्पीड दुप्पट होईल. तरीही निळा पडदा (विंडोज कोसळल्यावर येतो तो) आला तर विंडोज बिघडलंय, फॉरमॅट मारा.'

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, हा यातला एकमेव बरा सल्ला. विंडोज आपल्या घडामोडींच्या नोंदी, म्हणजे लॉग, ठेवतं; त्या दाखवणारा हा विंडोजमधलाच प्रोग्रॅम, आणि काही चुकल्याच्या नोंदीपुढे त्यात लाल खूण असते. पुढचं सगळं चुकीचं आहे, आणि काही तर नुकसान करणारं.

लाल खुणांपासून सुरुवात करू. कालच नवीन विंडोज टाकलेल्या मशीनवरही लाल-पिवळ्या नोंदी सापडतात. पडद्यामागे चालणारी एखादी सर्व्हिस सुरू व्हायला चार सेकंद उशीर झाला, वाय-फाय यायच्या आत कुणीतरी सर्व्हरला हाक मारली, की झाली नोंद. डिस्ट्रिब्युटेड-कॉम या विंडोजच्या अंतर्गत भागाची १००१६ क्रमांकाची नोंद तर इतकी सर्रास दिसते की मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय: ही रचनेचाच भाग आहे, खुशाल दुर्लक्ष करा. लॉग ही दुकानाची रोजकीर्द आहे. तिच्यात किती ओळी आहेत यावरून धंदा बुडाला की नाही ते कळत नाही.

याच लाल खुणा दाखवून घाबरवण्याचा एक धंदाही चालतो. फोन येतो, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, इव्हेंट व्ह्यूअर उघडून स्वतःच बघा,' आणि घाबरलेला माणूस आपल्या मशीनचा ताबा समोरच्याला देऊन टाकतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये छापे घातले, त्यात असली बनावट टेक सपोर्टची कॉल सेंटरंही होती. व्हायरस शोधायचा तर अँटिव्हायरसचं स्कॅन आहे. लाल खुणांची संख्या हा काही त्याचा पुरावा नाही.

आता कर्नल-पॉवर ४१. या नोंदीवर जरा थांबायला हवं, कारण दुकानदारसुद्धा हिच्या जोरावर एसएमपीएस विकतात. ती एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. का, ते तिला ठाऊक नसतं. शिवाय ही नोंद पुढच्या वेळी मशीन सुरू होताना लिहिली जाते, त्यामुळे तिच्यावरची वेळ बंद पडण्याची नसते. ती वेळ शेजारच्या ६००८ क्रमांकाच्या नोंदीत मिळते.

४१ वर डबल क्लिक करा आणि 'डिटेल्स'मध्ये 'बगचेककोड' बघा. तिथे शून्य नसेल, तर निळा पडदा येऊन गेलाय आणि त्याचा कोड तिथे दशमान पद्धतीत लिहिलाय. १५९ म्हणजे सोळामान (हेक्स) पद्धतीतला ०एक्स९एफ: स्लीपमध्ये जाताना किंवा जागं होताना एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) अडकला. २९२ म्हणजे ०एक्स१२४: प्रोसेसर, मदरबोर्ड, उष्णता अशा हार्डवेअरच्या वाटेने जायचं. शून्य असेल तर वीज गेली, मशीन पूर्ण गोठलं किंवा कुणीतरी बटण दाबून धरलं. बटणाचा संशय असेल तर त्याच यादीत 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' आहे. तिथे शून्याऐवजी आकडा दिसला की घरातल्या मंडळींना विचारायचं.

एका अकाउंटंट बाईंचं मशीन माझ्याकडे आलं होतं. दोनदा एसएमपीएस बदलून झाला होता. सहा महिन्यांच्या ४१ नोंदी गाळून काढल्या, सगळ्यांत कोड शून्य, आणि बहुतेक तारखा गुरुवारच्या. पुण्यात राहणाऱ्याला यापुढे सांगायला नको, गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. बाईंकडे यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच मेलेली. दिवा लागायचा, भार मात्र क्षणभरही पेलायचा नाही. बॅटरी बदलली, गुरुवार सुरळीत झाले. एसएमपीएस कधी जातच नाही असं नाही, जातो. पण ४१ दिसलं म्हणून तोच गेला, हे म्हणजे दार उघडं दिसलं म्हणून चोरी झाली म्हणण्यासारखं.

साफसफाईच्या फाइलबद्दल काय सांगावं! सिस्टिम लॉगची मूळ कमाल मर्यादा साधारण २० एमबी असते. ती भरली की जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. मोबाइलमधल्या चार-पाच फोटोंएवढी जागा मोकळी करून स्पीड दुप्पट कसा होणार? प्रीफेच तर मुळात प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून ठेवलेलं असतं. ते उडवलं की पुढच्या काही वेळा सगळं उलट हळू उघडतं, मग विंडोज ते निमूटपणे पुन्हा बनवतं. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जचा साठा; ती साफ करणारे क्लीनर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, आणि त्याने बिघडलेली मशीन मी पुष्कळ पाहिलीत.

मशीन सुरू व्हायलाच वेळ लागत असेल तर त्याचं उत्तर त्याच व्ह्यूअरमध्ये आहे, फक्त आडबाजूला. 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स', 'ऑपरेशनल'. १०० क्रमांकाची नोंद सुरू व्हायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. १०१ कोणत्या प्रोग्रॅमने उशीर केला, १०२ कोणत्या ड्रायव्हरने आणि १०३ कोणत्या सर्व्हिसने. नावानिशी.

राहता राहिला फॉरमॅट. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. व्हायरस नव्हता, विंडोज बिघडलं नव्हतं. सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून) जाऊन सदोष फाइल काढली की मशीन उठत होतं. त्या दिवशी कुणी फॉरमॅट मारत बसला असता तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

फॉरमॅटचा खरा धोका वेगळाच आहे. सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क' या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद असेल तर डिस्कवर बॅड ब्लॉक, म्हणजे खराब झालेली जागा, आहे. १५३ वारंवार असेल तर डिस्कशी केलेला व्यवहार पुन्हा पुन्हा करावा लागतोय, आणि अशा वेळी मशीन रांगतं. मरू घातलेल्या डिस्कवर पुन्हा विंडोज टाकलं की चार दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात जुना डेटा कायमचा गेलेला असतो. या नोंदी दिसल्या की आधी डेटा दुसरीकडे घ्या, बाकी सगळं नंतर.

निळ्या पडद्याच्या छोट्या डंप फाइल (कोसळतानाच्या स्थितीची नोंद) विंडोजच्या 'मिनिडंप' फोल्डरमध्ये पडतात, ब्लूस्क्रीनव्ह्यू हा प्रोग्रॅम त्या उघडून संशयित ड्रायव्हरचं नाव दाखवतं. तिथे विंडोजचा स्वतःचा कर्नल, म्हणजे गाभा, दिसला तर लगेच त्याच्यावर ठपका ठेवू नका. प्रेत ज्याच्या दारात सापडलं तोच खुनी असतो असं नाही. चार डंपमध्ये दर वेळी वेगळंच नाव आणि वेगळाच कोड आला तर मी आधी रॅम तपासतो. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवायचा. खोडरबराने रॅमचे पिन घासण्याचा आपला देशी उपायही कधीकधी लागू पडतो, तो मी नाकारत नाही.

आणि हे सगळं चाळायला कंटाळा येत असेल तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा. दिवसागणिक तक्ता उघडतो: कोणत्या दिवशी काय कोसळलं आणि त्याच्या आदल्या दिवशी कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट आला. बिघाडाची वेळ आणि नोंदीची वेळ जुळवायची, दहापैकी सात वेळा मला तेवढंच पुरतं.

मेसेजसोबतची फाइल ज्यांनी आधीच चालवली, त्यांचे लॉग गेले, ते परत येत नाहीत. मिनिडंप फोल्डर मात्र एकदा बघा, लॉग साफ केल्याने तो रिकामा होत नाही. डिस्क क्लीनअपमध्ये मिनिडंपवर टिक केली असेल तर तोही गेला, मग पुढच्या क्रॅशची वाट पाहण्यावाचून इलाज नाही. तोवर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मध्ये आपोआप रीस्टार्ट होण्याची टिक काढून ठेवा, म्हणजे पडद्यावरचा कोड मोबाइलने टिपायला वेळ मिळेल.