उपदेशक मिळत नाहीत म्हणतो, पण घडवतो किती?

गेल्या रविवारी आमचे पाळकसाहेब उपासनेला पोचलेच नाहीत. त्यांच्याकडे चार मंडळ्या, म्हणजे चार चर्च आहेत, आदल्या रात्री एका मंडळीत कोणीतरी वारलं, दफनविधी सकाळीच ठरला, मग ते येणार कसे. फोन आला तेव्हा उपासना सुरू व्हायला वीस मिनिटं होती. आणि मग पुढच्या बाकांवर जे झालं ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाहीये. एका वडीलधाऱ्यांनी बायबल दुसऱ्यांच्या हातात दिलं, तुम्ही बोला. त्यांनी तिसऱ्यांकडे सरकवलं, नको नको, माझी तयारी नाही. असं करत ते बायबल माझ्यापर्यंत आलं आणि मीसुद्धा पुढे सरकवलं. शेवटी एक स्तोत्र वाचलं, तीन गीतं म्हटली, प्रभूची प्रार्थना केली आणि पस्तीस मिनिटांत सगळे बाहेर. बाहेर कोणीतरी म्हणालं, बरं झालं, आज लवकर सुटलो. कोणालाच काही वाटलं नाही. वचनाशिवाय, म्हणजे बायबलवरच्या उपदेशाशिवाय घरी गेलो आणि कोणालाच चुकल्यासारखं वाटलं नाही, हे मला आठवडाभर टोचतंय म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी होणार आहे, पण वाचा.

सेवक कमी आहेत हे आपण सगळेच म्हणतो. मत्तयाच्या नवव्या अध्यायात प्रभूच म्हणाला की पीक फार आहे पण कामकरी थोडे, पिकाच्या धन्याकडे कामकरी मागा. हे वचन आपण प्रार्थनेत कितीदा घेतो! पण प्रार्थना करताना मनात काय असतं, तर कुठूनतरी एक तयार माणूस येईल, शिकलेला, आवाज चांगला, बायकोही सेवेत मदत करणारी, पगार देऊ तेवढ्यात भागवणारा. तो आपल्याच घरातून जाईल असं कोणाच्याही मनात नसतं. मी दुसऱ्यांना बोलत नाहीये. तीन वर्षांपूर्वी माझा भाचा मला म्हणाला होता, मामा, मला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात जावंसं वाटतंय. मी काय म्हटलं? आधी डिग्री पूर्ण कर, चांगली नोकरी बघ, सेवा काय नंतरही करता येते. त्याने डिग्री केली, नोकरीला लागला आणि तो विषय परत काढलाच नाही. त्या दिवशी मी त्याच्याबरोबर बसून साधी प्रार्थनासुद्धा केली नाही याचं मला आज फार वाईट वाटतं.

हे सगळीकडेच आहे. जगभरात कॅथलिक जवळपास १४० कोटी आणि फादर, म्हणजे त्यांचे याजक, साधारण ४ लाख, म्हणजे एका फादरमागे तीन हजारांहून जास्त माणसं. ॲमेझॉनच्या जंगलात अशा वस्त्या आहेत जिथे महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षं मिस्सा, म्हणजे फादरशिवाय न होणारी त्यांची मुख्य उपासना, होत नाही. २०१९ मध्ये रोममध्ये बिशपांची सभा भरली, कॅथलिक याजकांना सहसा लग्न करता येत नाही, तरी तिथे लग्न झालेल्या अनुभवी डीकनना (याजकाच्या खालच्या पायरीवरच्या सेवकांना) याजक करा असा ठराव बहुमताने झाला, पण २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांचं जे पत्र आलं त्यात त्यावर काही निर्णयच नव्हता. प्रोटेस्टंटांमध्ये लग्नाची अडचण नाही, तरी आमच्याकडेही एकेका पाळकाच्या गळ्यात तीन-तीन, चार-चार मंडळ्या आहेतच की. म्हणजे नियम बदलला की प्रश्न सुटला, इतकं सोपं ते नाही.

पाळकांच्या हालांबद्दल एक सांगतो. एकदा आमच्या पाळकसाहेबांची संदेशाची, म्हणजे रविवारच्या उपदेशांची वही माझ्याकडे राहिली होती. कोपरे झिजलेले, मधल्या पानावर तेलाचा डाग. प्रत्येक संदेशाच्या बाजूला समासात चार तारखा, चार मंडळ्यांच्या. एका ठिकाणी चौथी तारीख खोडून बारीक अक्षरात लिहिलं होतं, पोचू शकलो नाही, प्रभू क्षमा कर. मी ती वही मिटून ठेवली. शुक्रवारी दफन, शनिवारी लग्न, मध्येच कमिटीची भांडणं, आणि आपण रविवारी बाहेर पडताना म्हणतो, आजचा संदेश जुनाच होता. त्यांनी नवा लिहायचा कधी?

यावर काही तरुण म्हणतात, यूट्यूबवर एवढे चांगले संदेश आहेत, स्क्रीन लावा. मी पण ऐकतो, चांगले असतात, नाही कशाला म्हणू. पण त्या उपदेशकाला माहीत नसतं की तिसऱ्या बाकावरच्या बाईंचा मुलगा घर सोडून गेलाय, की कोपऱ्यात बसलेल्या माणसाची नोकरी परवाच गेली. उपदेश त्या माणसांकडे बघून करायचा असतो, त्यांच्या घरी जाऊन आलेल्या माणसाने करायचा असतो.

आणि इतिहासात बघा. जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, मिशनरींना हाकललं, जे लपून राहिले त्यांतले अनेक मारले गेले. दोनशेहून जास्त वर्षं त्या लोकांकडे एकही याजक नव्हता. पण साध्या शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी कामं वाटून घेतली, एकजण सणांच्या तारखा सांभाळायचा, एकजण बाप्तिस्मा द्यायचा, प्रार्थना तोंडपाठ करून मुलांना द्यायच्या. १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही लोक आले आणि फ्रेंच फादरना हळूच म्हणाले, तुमचं आणि आमचं मन एकच आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडलो होतो. दुसरं उदाहरण फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांचं. दुसऱ्या महायुद्धामुळे चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) याजक पोचू शकत नव्हते, लोकांना प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा पवित्र विधी, मिळेना, म्हणून १९४४ मध्ये बिशप रोनाल्ड हॉल यांनी या बाईंना याजकपदाची दीक्षा दिली. युद्ध संपल्यावर एवढा वाद झाला की त्यांना ते काम सोडावं लागलं. खुद्द इंग्लंडच्या चर्चमध्ये स्त्रियांना ही दीक्षा मिळायला १९९४ उजाडलं, बरोबर ५० वर्षं! आपल्या भगिनी मंडळात किती जणी वचन किती सुंदर समजावतात, आणि रविवारी त्यांना फक्त शास्त्रवाचन आणि फुलांची सजावट.

कोणालाही उभं करायचं का मग, काहीबाही शिकवलं तर, ही भीती मला मान्य आहे. अर्धवट ज्ञानावर आणि चमत्काराच्या आश्वासनांवर मंडळ्या फुटलेल्या आपण पाहिल्यात. पण प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८ काढा. अपुल्लोस नावाचा उपदेशक बोलायला एकदम जबरदस्त, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता, म्हणजे शिकवण अर्धीच. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला, राहुट्या करून पोट भरणारं जोडपं, त्यांनी सभास्थानात त्याचं ऐकलं आणि काय केलं? त्याला बाजूला घेऊन नीट समजावून सांगितलं. सगळ्यांसमोर चूक नाही काढली, बोलणंही बंद नाही केलं.

आपल्याकडे उलटं होतं. दोन वर्षांपूर्वी तरुणांच्या रविवारी एक मुलगी दहा मिनिटं बोलली होती, प्रभूने जिवंत केलेल्या याइराच्या मुलीवर. हात थरथरत होते तरी पूर्ण केलं तिने. दारात एकजण म्हणाले, फार भरभर बोललीस. दुसऱ्या काकू म्हणाल्या, ओढणी नीट घ्यायची ना पुढे उभं राहताना. संदेशाबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही, मीही नुसतं हसून पुढे गेलो. ती परत उभी राहिली नाही.

परवा मी तिला फोन केला, पाळकसाहेबांशी बोलूनच. आधी नाही म्हणाली. मग रात्री तिचाच मेसेज आला, दादा, मी लिहून आणते, पण आधी तुम्ही ऐकाल का? काल संध्याकाळी घरी आली, आईला घेऊन. चार पानं लिहिली होती, तोच भाग, याइर आणि वाटेत प्रभूच्या वस्त्राला शिवलेली ती बाई. ती मला म्हणाली, मुलगी बारा वर्षांची आणि बाईचं दुखणंही बारा वर्षांचं, तुमच्या लक्षात आलं होतं का? इतकी वर्षं वाचतोय, माझ्या नव्हतं आलं. एका ठिकाणी तिने दोन शुभवर्तमानांतला (येशूच्या चरित्राच्या दोन पुस्तकांतला) तपशील एकत्र केला होता, तो आम्ही दोघांनी मिळून नीट केला.

पुढच्या महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी ती बोलणार आहे. भाच्यालाही मी बोलावलंय, फक्त ऐकायला ये म्हटलं, बाकी काही नाही. आणि उपासना सुटल्यावर दारात मीच उभा राहणार आहे, तिचं कोणतं वाक्य मनाला लागलं तेवढंच तिला सांगायला.