चेनसॉमध्ये दुप्पट ऑइल टाकण्याविषयी खुलासा
पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते, म्हणून चेनसॉच्या, म्हणजे लाकूड कापायच्या यंत्राच्या, पेट्रोल-ऑइल मिश्रणात ऑइल दुप्पट टाकावे म्हणजे पिस्टन जाम होत नाही, असा सल्ला बागायतदारांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. यंत्राच्या पुस्तिकेत ५०:१ प्रमाण दिले असेल, तर १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल पुरते. २५:१ लिहिले असेल, तरच ४० मिलिलिटर टाकावे. जादा ऑइल पूर्ण जळत नाही, त्याचा कार्बन प्लगवर, एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या जाळीवर साचतो आणि पाते लाकडात घातले की इंजिनाचा दम जातो. मग जोर परत यावा म्हणून कार्ब्युरेटरचा (हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागाचा) स्क्रू आवळला जातो, हवेच्या मानाने इंधन कमी जाते आणि ज्या जाम होण्याची भीती होती तेच घडते. माझ्या मते खरे नुकसान येथेच होते.

इथेनॉलचा त्रास वेगळा आहे. ते हवेतील ओलावा ओढते आणि जुन्या इंधनात पाणी तळाशी बसू शकते, ज्यावर जादा ऑइल हा उपायच नव्हे. यंत्र महिनाभर ठेवायचे असल्यास टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. जोर कमी वाटल्यास आधी एअर फिल्टर, मग टाकीतील इंधन फिल्टर आणि सायलेन्सरची जाळी पाहावी. स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा.