कट्टर घरातून सुखरूप बाहेर कसं पडावं

अभिनंदन. लालबागच्या एका कट्टर शिवसैनिक घरात तुमचा जन्म झालाय आणि ऐन विशीत तुम्हाला स्वतःच्या डोक्याने विचार करायची हुक्की आलीय. घाई करू नका. सकाळच्या चहाला आजोबांसमोर "मला हे पटत नाही" असं बोलून बसाल. आजोबा चिडणार नाहीत. ते बशीतला चहा संपवतील आणि तुमच्या आईला म्हणतील, "सूनबाई, याला कॉलेज बाधलं." त्यानंतर तुम्ही साधं "पंखा बंद करू का" विचारलंत तरी तुमच्यामागे नेमका कुठला प्रोफेसर आहे याचा तपास सुरू होईल.

आधी घरातल्या शत्रूंचा इतिहास पाठ करा. 19 जून 1966 ला शिवसेना निघाली, तेव्हा आपला शत्रू दाक्षिणात्य होता. पुढे त्यात कम्युनिस्टांची भर पडली. 1992 च्या डिसेंबरात मुसलमान. 2008 मध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेली उत्तर भारतीय पोरं. तेव्हा पक्ष दुसरा होता, मनसे, पण टाळ्या आपल्याच घरातून पडल्या. शत्रू बदलला की जुन्याला माफी असते, फक्त ती कुणी जाहीर करत नाही. ऐन तारुण्यात "बजाव पुंगी, हटाव लुंगी" ओरडून घसा बसवून घेतलेले आजोबा आज रविवारी तुम्हाला माटुंग्याला डोसा खायला नेतात आणि सांबार परत मागताना वेटरला 'अण्णा' म्हणतात. अशा वेळी तुम्ही मुकाट्याने डोसा खावा. इतिहास काढू नये, बिल आजोबा देतात.

आकड्यांच्या बाबतीत विशेष जपा. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली, हा आकडा घरातल्या शेंबड्या पोरालाही येतो, आणि यायलाच हवा. पण त्याआधी 1992 च्या डिसेंबरात आणि 1993 च्या जानेवारीत झालेल्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यू मोजले, त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू, हे तुम्ही उच्चारलंत की काका म्हणतील, "ते सगळं राजकारण आहे." काकांच्या मते राजकारण म्हणजे जे आपल्याला पाठ नसतं ते. 1970 च्या जूनमध्ये याच लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला. पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी सरोजिनी उभ्या होत्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. आजोबांना गुलाल लख्ख आठवतो. निवडणूक मुळात कशामुळे लागली होती, ते विचारलं की त्यांना ऐकू कमी येतं.

खालच्या मजल्यावरच्या दारावर चार स्क्रूंची भोकं आहेत, वर ऑइलपेंटचे दोन हात बसलेत. तिथे पितळी पाटी होती. 1993 च्या जानेवारीत ती आतल्या माणसांनीच उतरवली आणि पुढे खोलीही विकली. विषय निघाला की काका मनापासून हळहळतात: "शेख मास्तर तसे नव्हते हो." तुमच्या घरात प्रत्येकाचा असा एक 'तसा नसलेला' आहे: आजोबांचा शिंपी, काकांचा गॅरेजवाला, आईची डॉक्टरीण. सगळे मिळून चांगली डझनभर माणसं होतात, पण ही बेरीज जेवणाच्या ताटावर करू नका.

आता मुख्य अडचण. ही माणसं वाईट असती तर तुमचं काम सोपं होतं. तुमची अ‍ॅडमिशन अडली तेव्हा शाखेतून फोन गेला. रात्री दोन वाजता बाबांच्या छातीत दुखलं तेव्हा काकांच्या एका हाकेवर पाच पोरं धावली आणि त्यांनी बाबांना खुर्चीसकट जिन्यावरून खाली उतरवलं. मूल्यं वगैरे तुम्ही पुस्तकातून आणलीत. ती चांगलीच आहेत, पण त्यांनी अजून कुणाला जिना उतरवलेला नाही. (हे मला स्वतःलाही फार खुपतं, म्हणून इथेच सोडतो.)

बंड करायचंच असेल तर पणजोबांचा दाखला देऊन पाहा. ते गिरणीत साचेवाले, लाल बावट्याचे, कम्युनिस्ट पुढारी डांग्यांच्या सभेला चालत जाणारे. त्यांचा मुलगा, म्हणजे आपले आजोबा, भगवा घेऊन बाहेर पडला. "बापाचं ऐकलं नाही म्हणून इथवर आलो," हे आजोबा दर गणपतीत छातीवर हात ठेवून सांगतात. तुम्ही तेच केलंत की मात्र ती गद्दारी. घर फोडायचा मान एकालाच मिळतो आणि तो घेऊन झालाय.

घाईत असलेल्यांसाठी सोपी वाट म्हणजे थेट पलीकडचं टोक गाठणं. तिथे काही नवं शिकावं लागत नाही. तोच चढा आवाज, तीच नाचणारी तर्जनी, फक्त शत्रूंची यादी उलटी. वर्षभरात तुम्ही हुबेहूब काकांसारखे बोलू लागाल आणि तुमच्या आईला तेवढंच बरं वाटेल.

कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडू नका. आता गुपचूप बाहेर पडता येतं, सगळ्यांना कळत नाही, फक्त अ‍ॅडमिनला कळतं, हे खरं आहे. पण अ‍ॅडमिन काका आहेत.

आणि परधर्मातल्या मुलीशी लग्न ठरवलं असेल तर विशेष विवाह कायदा, 1954 नीट वाचा. अर्जाची नोटीस 30 दिवस लावली जाते. त्या 30 दिवसांत रजिस्ट्रारच्या ऑफिसात काकांचा कुणी ना कुणी माणूस कामाला जाणारच. त्यामुळे बातमी तुम्ही द्यायची गरज नाही. घरात आठवडाभर कुणी जेवणार नाही, आजोबा देवघराकडे तोंड करून बसतील, आत्या विरारहून येऊन रडून जाईल. मग कधीतरी काका शाखेत फोन करतील आणि सुनेचं नाव रेशनकार्डावर चढवून आणतील. "आमची सून तशी नाही," हे ते चारचौघांत कौतुकाने सांगतील आणि त्याच संध्याकाळी तिला ग्रुपवर घेतील. ग्रुप म्यूट कसा करायचा, तेवढं तिला आधीच दाखवून ठेवा.