शटर पाच मिनिटं उघडं ठेवून उल्का मिळत नाही

डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की एक निरोप फिरू लागतो. मजकूर दरवर्षी थोडाफार बदलतो, गाभा तोच राहतो. १३ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून तासाला दीडशे उल्का पडणार, कॅमेरा मिथुनेकडे रोखून शटर पाच मिनिटं उघडं ठेवा, कॅमेरा नसेल तर मोबाईलचा नाइट मोड पुरेल, अशी रात्र पुन्हा शंभर वर्षांनी. सोबत एक फोटो असतो: डोंगरावर उभा असलेला माणूस आणि त्याच्या डोक्यावर एकाच बिंदूतून चहूकडे पसरलेल्या तीस-चाळीस प्रकाशरेघा. मिथुन उल्कावर्षाव खरा आहे, तारीखही बरोबर आहे. बाकी जवळपास सगळं चुकीचं आहे. मला याचं वाईट वाटतं, कारण हा निरोप वाचून आयुष्यात पहिल्यांदा आकाश बघायला निघालेली माणसं गच्चीवर वीस मिनिटं थांबतात, काहीच दिसलं नाही म्हणून खाली येतात आणि पुन्हा कधी वर जात नाहीत.

आधी फोटोबद्दल. तो एका क्लिकमध्ये मिळत नाही. कॅमेरा तिवईवर लावून रात्रभर शेकडो फोटो काढतात, त्यातले उल्का सापडलेले वेगळे करतात आणि एकावर एक बसवतात. बसवतानाही काम असतं. पृथ्वी फिरत असल्यामुळे दहा वाजता पूर्वेला असलेली मिथुन रास अडीच वाजता डोक्यावर आलेली असते, म्हणून प्रत्येक फोटो ध्रुवताऱ्याभोवती तेवढा फिरवून ताऱ्यांवर तारे जुळवावे लागतात. तेव्हा कुठे सगळ्या रेघा एका बिंदूतून निघाल्यासारख्या दिसतात. ही फसवणूक नाही, ते मेहनतीचं आणि कौशल्याचं काम आहे. बहुतेक चांगले छायाचित्रकार खाली तसं लिहितातही. निरोप पुढे ढकलताना तीच ओळ गळते आणि रात्रभराची बेरीज एका क्षणाचं दृश्य म्हणून लोकांच्या हातात पडते.

दीडशेचा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या-माझ्या आकाशाचा नाही. उल्कांचा उगमबिंदू, म्हणजे सगळ्या उल्का जिथून निघाल्यासारख्या वाटतात ती आकाशातली जागा, बरोबर डोक्यावर आहे, आणि साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना कसेबसे दिसणारे तारेही दिसताहेत, असं धरून तो काढलेला असतो. (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद.) महाराष्ट्रातून मिथुनेचा उगमबिंदू रात्री दोन-अडीचच्या सुमारास डोक्याजवळ येतो, तेव्हा पहिल्या अटीचा प्रश्न नाही. घोळ दुसऱ्या अटीत आहे. शहराच्या कडेला चौथ्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसत असतील तर दीडशेचे साधारण तेरा-चौदा उरतात. ऐन मुंबई-पुण्यात त्याहूनही कमी. ज्याला आकड्याच्या जवळ जायचं असेल त्याने अंधाराच्या जवळ जावं. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली, ती याच कारणासाठी महत्त्वाची आहे.

शिवाय कॅमेरा डोळ्यापेक्षा कमी आकाश बघतो. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावरची २४ मिमीची लेन्स डोक्यावरच्या आकाशाचा जेमतेम सहावा हिस्सा टिपते, आणि त्या हिश्शातल्या मंद उल्का सेन्सरवर उमटतच नाहीत. तासभरात दोन-तीन चांगल्या रेघा मिळाल्या तर ती उत्तम कमाई समजावी.

आता शटर. सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं, कारण तो पटण्यासारखा आहे. तारे मंद असतात, जास्त वेळ उघडं ठेवलं की उजळ येतात, मग उल्काही येईल, असं कोणालाही वाटेल. पण तारा सेन्सरवर जवळजवळ एकाच जागी थांबून प्रकाश साठवत असतो, उल्का थांबत नाही. मिथुनेच्या उल्का सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात आणि साधारण शंभर किलोमीटर उंचीवर जळतात. २४ मिमीच्या लेन्सवर एखाद्या पिक्सेलवरून उल्का सरकते तेव्हा त्या पिक्सेलला तिचा प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच वेळ मिळतो. शटर दहा सेकंद उघडं असो वा पाच मिनिटं, त्या पिक्सेलच्या वाट्याला तेवढाच प्रकाश येणार. पार्श्वभूमीचं आकाश मात्र उघडं ठेवाल तितकं उजळत जातं. म्हणजे पाच मिनिटांत तुम्ही उल्केला काहीच देत नाही, फक्त तिच्यामागचा अंधार घालवता. दहा सेकंदांच्या फोटोत स्पष्ट दिसली असती ती रेघ पाच मिनिटांच्या राखाडी आकाशात बुडून जाते.

उल्केची चमक ठरते ती लेन्सच्या तोंडावर आणि आयएसओवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेवर. तोंड एफच्या आकड्याने मोजतात, आकडा लहान तितकं तोंड मोठं. एफ २.८ ऐवजी एफ १.४ ठेवलं तर चौपट प्रकाश येतो, त्याला पर्याय नाही. म्हणून लेन्स पूर्ण उघडावी, आयएसओ १६०० ते ६४०० च्या दरम्यान, आकाश सोसेल तेवढा ठेवावा. शटरची वेळ तारे ओढले न जातील इतकीच घ्यावी: ५०० ला लेन्सच्या मिमीने भागलं की अंदाज मिळतो, २४ मिमीला वीसेक सेकंद. मग एकामागून एक, न थांबता, तासन्‌तास फोटो. इथे एक सेटिंग हटकून विसरली जाते. दीर्घ एक्स्पोजरसाठीचं नॉइज रिडक्शन चालू असेल तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ बंद शटरचा आणखी एक फोटो घेतो. निम्मी रात्र तो आंधळा असतो. ते बंद करावं. फोकस हाताने, व्याधासारख्या ठळक ताऱ्यावर जुळवावा. आणि सह्याद्रीत डिसेंबरच्या पहाटे लेन्सवर दव जमतं, दर अर्ध्या तासाने काच तपासावी.

कॅमेरा मिथुनेकडेच रोखायचा का? नाही. उगमबिंदूजवळच्या उल्का जवळजवळ आपल्याच दिशेने येत असतात, त्यामुळे त्यांच्या रेघा आखूड दिसतात. चाळीस-पन्नास अंश बाजूला, जिथे आकाश सर्वांत काळं आहे तिथे, लांब रेघा मिळतात.

मोबाईलचं थोडं समजून घ्यायला हवं. नाइट मोड बरेच फोटो एकत्र करून आवाज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी करतो. सोळा फोटोंची सरासरी घेतली तर एकाच फोटोत असलेली उल्का सोळा पटीने फिकी होते, आणि काही सॉफ्टवेअर तर असा एकुलता प्रकाश चूक समजून काढूनच टाकतं. त्यात मोबाईलच्या लेन्सचं तोंड तीन-चार मिलिमीटरचं. २४ मिमी, एफ १.४ ची लेन्स त्याच्या वीस-पंचवीसपट प्रकाश गोळा करते. प्रो मोड, म्हणजे सेटिंग हाताने ठरवण्याची सोय, वापरून, तिवई लावून, पंधरा सेकंदांचे सुटे फोटो काढत राहिलात तर एखादा तेजस्वी अग्निगोल मोबाईललाही सापडतो. तेवढीच अपेक्षा ठेवावी.

शंभर वर्षांचं विधान साफ खोटं. हा वर्षाव दर डिसेंबरला येतो. १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहाने मागे टाकलेल्या धुळीतून पृथ्वी दरवर्षी जाते. महाराष्ट्रासाठी तर तो हक्काचा वर्षाव आहे, कारण ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला (पर्सिड) वर्षाव आपल्याकडे पावसाळी ढगांतच संपतो. फक्त निघण्याआधी तिथी बघावी. २०२४ मध्ये १४ डिसेंबरला दत्तजयंती होती. मार्गशीर्ष पौर्णिमा इतकी जवळ असताना चांदण्यात मंद उल्का दिसणार कुठून? त्या वर्षीही दीडशेचा निरोप तसाच फिरला.

राहिले निरोपासोबत येणारे व्हिडिओ. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात हजारो लोकांनी जळत जाणारे तुकडे पाहिले आणि त्याला उल्कावर्षाव म्हटलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीत, त्याच रात्री धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. कक्षेतून परतणारा कचरा सेकंदाला सात-आठ किलोमीटरने येतो, तुटत तुटत बराच वेळ दिसत राहतो. मिथुनेची उल्का बहुधा सेकंदाच्या आत संपते. फोटोतही हीच कसोटी लावता येते. सलग तीन-चार फोटोंत पुढे सरकणारी, सारख्या जाडीची रेघ उपग्रहाची. ठिपक्या-ठिपक्यांची विमानाची. एकाच फोटोत असलेली, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये कुठेतरी फुललेली रेघ असेल तर ती बहुधा उल्का. म्हणून फोटो कोणाला पाठवण्याआधी त्याच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही उघडून बघा, आणि चार फोटो जोडून एक केला असेल तर तसं खाली लिहा.