ब्रानच्या किल्ल्यातली माहेरवाशीण

परवा एका मैत्रिणीने रोमेनियातल्या ब्रान किल्ल्याचे फोटो टाकले. डोंगरावरचा देखणा किल्ला, आणि खाली बाजारात सुळेवाल्या ड्रॅक्युलाचे मग, मुखवटे, टी-शर्ट. कमेंटमध्येही सगळीकडे ड्रॅक्युलाच. मला राहवेना, म्हणून लिहायला बसले. त्या किल्ल्यात खरोखर राहिलेल्या आणि तिथून घालवून दिलेल्या एका बाईबद्दल.

इलियाना तिचं नाव. जन्म १९०९. रोमेनियाचा राजा फर्डिनांड आणि राणी मेरी यांची सगळ्यात धाकटी मुलगी. रोमेनियात कम्युनिस्ट आले आणि १९४८ साली ती परागंदा झाली, असं तिच्याबद्दल लिहिलं जातं. मला वाटतं, तिचा वनवास त्याच्या सतरा वर्षं आधीच सुरू झाला होता, आणि तो सख्ख्या भावाने घडवला होता.

१९३१ मध्ये सिनायाला तिचं लग्न झालं, ऑस्ट्रियाच्या जुन्या राजघराण्यातल्या, म्हणजे हॅब्सबर्ग घराण्यातल्या अँटनशी. तेव्हा गादीवर तिचा मोठा भाऊ कॅरोल होता. आपल्या लोकांना हॅब्सबर्ग जावई देशात राहिलेला चालणार नाही, असं कारण काढून त्याने या जोडप्याला रोमेनियात राहू दिलं नाही. बाविशीतल्या मुलीचं माहेर एका हुकमाने तुटलं. आपल्याकडे भाऊ-भावजयीच्या राज्यात माहेरचा उंबरा परका झालेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. त्यामुळे हा भाग वाचताना मला ती राजकन्या वाटतच नाही.

आईने मात्र तिच्यासाठी एक दार उघडं ठेवलं होतं. १९२० मध्ये ब्राशोव शहराने ब्रानचा किल्ला राणी मेरीला भेट दिला होता. १९३८ मध्ये राणी गेली, तेव्हा तो तिने इलियानाच्या नावे केला. राणीच्या इच्छेप्रमाणे तिचं हृदय वेगळं काढून काळ्या समुद्राकाठी बाल्चिकच्या छोट्या चर्चमध्ये ठेवलं होतं. १९४० मध्ये तो मुलूख बल्गेरियाकडे गेला आणि हृदयाची पेटी ब्रानला आली.

१९४४ मध्ये, ऐन युद्धात, इलियाना सहा मुलांना घेऊन ब्रानला राहायला आली. आणि तिथे तिने काय केलं, तर हॉस्पिटल बांधलं. नाव ठेवलं ‘राणीचं हृदय’. जखमी सैनिक आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं तिथे यायची. ती स्वतः नर्सचं काम करायची. सत्ता हळूहळू कम्युनिस्टांच्या हातात जात होती, राजघराण्यातल्या माणसाला देशात राहणं रोज अवघड होत होतं, तरी तिने हॉस्पिटल सोडलं नाही. मला ती आवडते ती इथे. मुकुट, महाल, फोटो यांच्यापेक्षा हे चार वर्षांचं काम मला मोठं वाटतं.

३० डिसेंबर १९४७ ला तिच्या भाच्याला, राजा मिहाईलला, गादी सोडायला लावली. काही दिवसांतच इलियानालाही देश सोडावा लागला. धाकटी मुलगी जेमतेम सहा वर्षांची. आधी स्वित्झर्लंड, मग अर्जेंटिना, १९५० मध्ये अमेरिका. आईचा नीलम आणि हिऱ्यांचा मुकुट तिने नाइटगाऊनमध्ये गुंडाळून आणला होता, तो विकून संसार उभा केला. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटनला घर घेतलं, गावोगाव भाषणं दिली.

‘विकायला मुकुट तरी होता, त्या काळात देशोधडीला लागलेल्या लाखोंकडे काय होतं?’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, आणि मीही ते विसरत नाही. पण मुकुट विकताना तिचं फार काही गेलं असं मला वाटत नाही. तिचं गेलं ते ब्रानचं हॉस्पिटल, आपल्या माणसांच्या उपयोगी पडण्याची जागा.

पहिलं लग्न मोडलं, दुसरंही टिकलं नाही. १९६१ मध्ये ती फ्रान्समधल्या एका ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठात गेली. १९६७ मध्ये संन्यासदीक्षा घेऊन मदर अलेक्झांड्रा झाली, आणि पेनसिल्व्हेनियातल्या एलवूड सिटीत तिने बायकांसाठी मठ उभा केला. तिथली प्रार्थना इंग्रजीत. वेगवेगळ्या देशांतून आलेल्यांच्या अमेरिकेत वाढलेल्या लेकींना कळावी म्हणून. स्वतः रोमेनियन भाषेसाठी झुरणारी बाई हा निर्णय घेते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१९९० मध्ये, कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर, एक्क्याऐंशी वर्षांची इलियाना रोमेनियाला जाऊन आली. बेचाळीस वर्षांनी. पुढच्याच जानेवारीत ती अमेरिकेत वारली. देश सोडताना तिने ब्रानच्या मातीची एक लहानशी डबी बरोबर घेतली होती. ती तिच्यासोबत पुरली.

किल्ला २००६ मध्ये तिच्या मुलांना परत मिळाला. तुमच्यापैकी कुणी ब्रानला जाणार असेल, तर ड्रॅक्युलाचे मग आणि मुखवटे जरूर घ्या, पण गाइडला इलियानाच्या हॉस्पिटलबद्दल नक्की विचारा. आणि काय सांगितलं ते मला कळवा.