गटारीचं झाकण आणि काइंडली

गणपती गेले आणि त्यांच्या पाठोपाठ आमच्या गल्लीतल्या गटारीचं झाकण गेलं. कुणी म्हणतं मिरवणुकीच्या ट्रॅक्टरखाली फुटलं, कुणी म्हणतं भंगारात गेलं. दसऱ्यापर्यंत त्या भोकात एक सायकल, कुत्र्याची दोन पिल्लं आणि कोपऱ्यावर कुंदा नावाची दुधाची मिठाई विकणाऱ्या मामांचा डावा पाय, एवढा ऐवज पडून झाला. पायानंतर मात्र गल्ली जागी झाली. अर्ज करायचा ठरला. आणि अर्ज म्हटल्याबरोबर सगळ्या माना माझ्या दाराकडं वळल्या.

मी बेळगावच्या शहापुरातल्या एका मराठी हायस्कुलात ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत मी ‘टीचर’च. आता मराठी माणसांच्या गल्लीनं अर्ज इंग्रजीत का करायचा, हे बेळगावाबाहेरच्यांना सांगावं लागेल. मराठीतला अर्ज खिडकीतून आत जात नाही. कन्नड आम्हाला बोलता येतं, बाजारात घासाघीस करण्याइतकं आणि वेळ पडली तर भांडण्याइतकंही येतं. पण लिहायला बसलं की जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लोंबकळतं, आणि ते लोंबकळताना रूप बदलतं, तिथं आमचं पेन अडतं. मग दोघांच्याही आईची नसलेली इंग्रजी बरी पडते. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा. त्या मानानं आमचं झाकण अगदीच कालचं. म्हटलं, ते तरी मार्गी लावू.

बैठक माझ्याच कट्ट्यावर भरली. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेले काका सांगत होते, मी लिहीत होते.

“रिस्पेक्टेड सर.”

लिहिलं.

“नुसतं रिस्पेक्टेड? ऑनरेबल पण घाला बाई. आपल्या खिशातलं काय जातंय?”

मग ‘विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन’ झालं. मग ‘वी द अंडरसाइन्ड रेसिडेंट्स, इनहॅबिटंट्स अँड सिटिझन्स’ झालं. एकाच माणसाला तीन वेळा मोजलं तर गल्लीची वस्ती तिप्पट दिसते, असा त्यात डाव असावा. मग ‘बेग टू स्टेट’. कन्नडमध्ये ‘बेग’ म्हणजे लवकर. आमच्या अर्जात मात्र या ‘बेग’पासून गटारीपर्यंत पोचायला दीड पान लागलं. झाकण ‘मिसिंग’ आहे एवढ्यावर काका थांबेनात. ‘मिसिंग, लॉस्ट अँड अनट्रेसेबल’ असं पाहिजे, नाहीतर उद्या ते म्हणतील लॉस्ट झालंय पण मिसिंग कुठं झालंय? खाली ३४ सह्या. अर्ज घेऊन मी खिडकीपाशी गेले. कार्यालय कुठलं ते सांगत नाही, मला अजून तिथं जायचंय. आतल्या माणसानं पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं नाही, आणि हसून म्हणाला, “थँक्यू मॅडम.” त्याला ते आभारपत्र वाटलं.

या अपयशाला माझं बालपण जबाबदार आहे. माझे वडील तार ऑफिसात होते. तिथं शब्दाला पैसे. समोरच्या माणसाच्या कागदावरचा एक शब्द खोडता आला तर त्याचे तेवढे पैसे वाचले, हे वडिलांचं रोजचं पुण्य. ‘फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.’ चार शब्द. त्यातला ‘सीरियस’ म्हणजे ‘गेले’ हे लिहिणाऱ्याला ठाऊक, वाचणाऱ्याला ठाऊक, आणि मध्ये कट्टकट्ट करणाऱ्या माझ्या वडिलांनाही ठाऊक. तारवाला दारात दिसला की बायका पाकीट फोडायच्या आधी गळा काढायच्या. लग्नाच्या शुभेच्छांना तर शब्दही लागत नसत. ठरलेल्या वाक्यांना नंबर होते, इकडून नंबर जायचा आणि तिकडं अख्खं वाक्य उमटायचं. वडील घरीही तसेच. पानावर बसले की “मीठ.” आई विचारायची, “कमी की जास्त?” “कमी.” झालं संभाषण. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा वडील नव्हते. असते तर म्हणाले असते, “संपलं.” पुढच्याच वर्षी १ नोव्हेंबरला शहराचं इंग्रजी स्पेलिंग बदलून सात अक्षरांचं आठ अक्षरी झालं, त्यावरही त्यांनी एवढंच विचारलं असतं की शब्द एकच ना? मग चालेल.

घरात हा असा उपास, आणि शाळेत जेवणावळ. आम्हाला इंग्रजीला जे सर होते ते निबंध वाचत नसत, वितीनं मोजत. दीड वीत भरली तर पास. ‘नॉटविथस्टँडिंग’ हा शब्द मी नववीत शिकले आणि त्या वर्षी गाईच्या निबंधातही वापरला. गाय नॉटविथस्टँडिंग उपयुक्त प्राणी होती. पुढं मीही तेच केलं म्हणा. आपल्या इंग्रजीच्या पेपरातली गंमत बघा: एका प्रश्नात उतारा देऊन सांगायचं, याचा एक तृतीयांश सारांश लिही. पान उलटलं की दुसऱ्या प्रश्नात एक ओळीची म्हण देऊन सांगायचं, हिचा विस्तार कर. एकाच पोरानं, एकाच तीन तासांत, आधी दूध आटवायचं आणि मग त्यातच पाणी ओतायचं. ३१ वर्षं मी दोन्हीला मार्क दिले.

दिवाळीला भाची आली. बेंगळुरात एका कंपनीत असते आणि दिवसभर मेल लिहिते. तिनं आमचा दोन पानी अर्ज वाचला, आधी हसली, मग माझ्याकडं बघून थांबली.

“मावशी, हा कोण वाचणार?”

तिनं उभ्या उभ्या नवा लिहिला. ‘ड्रेन कव्हर मिसिंग. वन इंजुरी. प्लीज फिक्स.’ सात शब्द. वडिलांनी तिला जवळ घेतलं असतं. पण अर्ज सह्यांसाठी फिरला तो कुंदावाल्या मामांच्या दुकानात अडला. मामांचा पाय अजून स्टुलावर होता.

“वन इंजुरी म्हणजे मीच काय?”

“होय मामा.”

“पंधरा दिस दुकान बंद हुतं. बायको खवा घोटत बसली, तिचं मनगट सुजलं. आणि माझं दोन शब्दांत संपवूलाय?” मग कागद पालथा करून म्हणाले, “आणि हे वाचून तो साहेब म्हणंल, हा कोण आलाय मला हुकूम सोडणारा?”

भाचीनं सांगून बघितलं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात विल्यम स्ट्रंक नावाचे प्राध्यापक होते, त्यांचा नियमच होता की अनावश्यक शब्द गाळा. हे स्ट्रंक मला पूर्वीपासून ठाऊक आहेत, आणि मला त्यांचा नियम आवडतो त्याहून त्यांची गोष्ट जास्त आवडते. वर्गात ते हा नियम सांगताना लागोपाठ तीन वेळा सांगत. इतकं गाळलेलं असायचं की बोलायला पुढं काही उरायचंच नाही, म्हणून तेच तीनदा. आणि ‘गाळा’ म्हटलं की आमच्या गल्लीला पुन्हा गटारच आठवते.

मग मी काकांची बाजू घेतली, कारण एका गोष्टीत ते एकटे गुन्हेगार नाहीत. कोर्टाची इंग्रजी जोडीजोडीनं चालते त्याला कारण १०६६. त्या साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड घेतलं, दरबारात फ्रेंच आली, स्वयंपाकघरात आणि गोठ्यात इंग्रजी राहिली. गोठ्यातला ‘ऑक्स’ साहेबाच्या ताटात गेला की ‘बीफ’ झाला. वकिलांनी पुढं भांडण नको म्हणून दोन्हीकडचे शब्द शेजारी शेजारी बसवले. मृत्युपत्राला ‘विल’ हा इंग्रजी शब्द पुरेसा होता, तरी त्याच्या कडेला लॅटिनमधला ‘टेस्टामेंट’ आहेच. आणि १३६२ मध्ये कायदा झाला की कोर्टातलं कामकाज इंग्रजीत बोलायचं. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. सीमाभागातल्या माणसाला हे सांगितलं की तो नवल करत नाही, फक्त मान हलवतो.

आणि आपण तरी कुठं वेगळे? कागद फारसीकडून आला, पत्र संस्कृतातलं, आपण म्हणतो कागदपत्र. धन घरचं, दौलत बाहेरची, धनदौलत. रीत आणि रिवाज, बाजार आणि हाट. एक शब्द नीट कळला नाही तर दुसरा हाताशी असावा, अशी ही सोय. भाची म्हणाली, “हे सगळं खरं आहे मावशी, पण गटार?”

तिच्या त्या सात शब्दांत मला नेमकं काय खुपत होतं, ते रात्री अंथरुणावर कळलं. मराठीत आपण ‘ये’ ऐवजी ‘या’ म्हटलं की मान देऊन झाला. एक काना. आमच्याकडच्या कन्नडात तर क्रियापदाला नुसती ‘री’ जोडायची: बर्री, कूड्री, हेळ्री. या, बसा, सांगा, आणि प्रत्येकात वाकून नमस्कार. तो बारकासा ‘री’ म्हणजे ‘विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन’ अख्खं. इंग्रजीत मान क्रियापदात ठेवायला खुंटीच नाही. कलेक्टर पण ‘यू’ आणि दूध घालणारा पोरगा पण ‘यू’. मग आपला माणूस बिचारा तो मान हातात घेऊन वाक्यभर हिंडतो, कुठं ठेवू म्हणून, आणि दिसेल तिथं ठेवतो. थोडा ‘रिस्पेक्टेड’मध्ये, थोडा ‘हंबल’मध्ये, उरलेला ‘काइंडली’मध्ये. काकांना इंग्रजी येत नव्हती असं नाही. त्यांना ‘री’ कुठं लावायची ते सापडत नव्हतं.

सकाळी मी तिसरा अर्ज लिहिला. ‘रिस्पेक्टेड सर, द कव्हर ऑफ द ड्रेन इन अवर लेन हॅज बीन मिसिंग सिन्स द गणेश फेस्टिव्हल. अ‍ॅन एल्डरली मॅन हॅज हर्ट हिज लेफ्ट लेग अँड कुड नॉट ओपन हिज शॉप फॉर फिफ्टीन डेज. काइंडली रिप्लेस इट.’ एकच काइंडली. मामांना वाचून दाखवला, अर्थ सांगितला. मामा कढईत उलथनं फिरवत ऐकत होते. कुंदा म्हणजे आटवण्याचंच काम. पण हात थांबला की तळाला करपतो, त्यामुळं आटवण्याच्या बाबतीत मी त्यांचं मत मानते.

“झ्याक झालंय. एल्डरली म्हंजे?”

“वयस्कर.”

“ते काढा. तेवढाच एक शब्द वाचतोय.”

काढला.

खिडकीशी या वेळी दुसराच माणूस होता. त्यानं अर्ज हातात घेतला, चष्मा शोधला, सापडला नाही. अर्ज तसाच धरून माझ्याकडं बघत म्हणाला, “येन बेक्री?” काय पाहिजे. दोन महिने, तीन मसुदे आणि १०६६ सालापासूनचा इतिहास माझ्या तोंडाशी आला, आणि मी म्हणाले, “गटारद मुच्चळ इल्ल्री.” गटारीचं झाकण नाही हो. तीन शब्द, त्यात ‘री’ धरलेली. त्यानं अर्जाच्या पाठीमागं काहीतरी खरडलं, शिक्का मारला आणि म्हणाला, “नाळे बर्री.” उद्या या. मान देऊन सांगितलं, त्यामुळं रागही येईना.

मी पुढचे अकरा दिवस मानानं जात होते. बाराव्या दिवशी टेम्पोतून झाकण आलं. सिमेंटचं, नवं कोरं, कडेला तारीख कोरलेली. अख्खी गल्ली जमली, शेजारच्या आक्कांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं. मग चौघांनी उचलून भोकावर ठेवलं. बसेना. फिरवून ठेवलं, तरी बसेना. काकांनी छत्रीच्या दांडीनं मापलं. दोन इंच जास्त भरलं.

संध्याकाळी पुन्हा माझ्या कट्ट्यावर बैठक. काका म्हणाले, ‘ओव्हरसाइज्ड, एक्सेसिव्ह अँड सरप्लस’ असं घालू. बेंगळुराहून भाचीनं फोनवर सांगितलं, ‘टू बिग’ पुरे. मामा काठी टेकत शेवटी आले आणि पायरीवर बसले.

“टीचर, दोन इंच कमी करा एवढंच लिहा की.” थोडं थांबून म्हणाले, “आणि काइंडली घाला.”