अहो, ती कबर आहे, बाकडं नाही!

दिल्लीच्या लोधी गार्डनमध्ये पाहुण्यांना घेऊन वर्षातून चारदा तरी हेरिटेज वॉकला जाते, आणि दर वेळी तेच! दिल्लीचा सुलतान मुहम्मद शाह सय्यद याचा अष्टकोनी मकबरा, साधारण १४४४ सालचा. गाइड मुलगी जीव तोडून सांगतेय, की इथे खैरपूर गाव होतं, ते उठवून १९३६ साली बाग केली. ऐकतंय कोण? एकाचा फोन स्पीकरवर, दुसरी आतल्या कबरीवर पर्स टेकवून लिपस्टिक लावतेय.

काल तर एक बाप्या किल्लीने भिंतीचा गिलावा खरवडत होता. अर्धा बदाम कोरून झाला होता, पांढरी भुकटी बुटावर सांडलेली. हटकलं तर म्हणतो, "आधीच इतकी नावं आहेत की!"

म्हणून काय झालं? पाच-सहाशे वर्षं टिकलेली भिंत तुझ्या बदामासाठी उभी आहे का? बाहेर एवढी हिरवळ पसरली आहे, तिथे लोळा, डबे उघडा, हवे तेवढे फोटो काढा. स्वतःच्या आजोबांच्या समाधीवर पर्स ठेवाल? तिथे चपला काढता ना? मग इथेच काय होतं?

त्याने किल्ली खिशात टाकेपर्यंत मी तिथून हलले नाही.